घोडेवाल्याची फाईल

"म्याडम, ही कारणाची कटकट कुणी घातली हो आमच्या मागं?"

गेल्या आठवड्यात हदगावच्या एका लॅबवाल्यानं फोन उचलल्या उचलल्या हेच विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याचं म्हणणं असं, की रिपोर्टवरचं अक्षर जरासं मोठं करायचं म्हटलं तरी आमचं कॉम्प्युटरचं पॅकेज आधी विचारतं, कारण काय? आणि लिहिल्याशिवाय पुढं सरकत नाही. वैतागून त्यानं 'माझी मर्जी' असं लिहिलं. पॅकेजनं तेही मुकाट घेतलं.

"मग अडलं कुठं?" मी म्हटलं.

"अडलं न्हाई हो. पण ते 'माझी मर्जी' आता माझ्या नावानिशी तिथंच बसून राहिलं. पुसताच येऊन न्हाई राहिलं. डॉक्टरसाहेबांनी बघितलं म्हंजे?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "पुसता येणारच नाही. खाली दुसरं कारण लिहा, पहिलं राहू द्या. बिराजदार काकांचा नियम आहे तो."

"कोण बिराजदार?"

घ्या! ज्या माणसानं लातूर-नांदेड ह्या दोन जिल्ह्यांतल्या लॅबांचे कॉम्प्युटर वीस वर्षं सांभाळले, हदगावच्या ह्याच लॅबमधली दोन माणसं एकमेकांशी बोलती केली, त्याचं नाव विचारतोय हा! काकांना जाऊन आता दीड वर्ष होईल. फोन ठेवला आणि ठरवलं, की हे लिहायचंच.

आमची कंपनी लातूरची. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे कंपनी. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबांसाठी आम्ही पॅकेज बनवतो. पेशंटचं नाव घाला, मशीनचे आकडे येतात, रिपोर्ट छापून निघतो. मी नांदेडची, तोंडानं फटकळ, डिग्रीची शाई अजून ओली. पहिल्या दिवशी खोलीत शिरले तर कोपऱ्यात एक गृहस्थ स्टीलच्या ग्लासात चहा पीत बसलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात एक लाल पेन, एक निळं, आणि चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. मला वाटलं, खालच्या दुकानाचं गिऱ्हाईक चुकून वर आलंय. मी म्हटलं, "काका, चष्म्याचं खाली आहे."

"हाव," ते म्हणाले, "अन् कॉम्प्युटरचं वर हाय. बसा."

हे शिवलिंग बिराजदार. गाव शिरूर अनंतपाळ. पॅकेजचा निम्मा भाग त्यांनी दोन बोटांनी टाइप करून लिहिलेला होता, हे मला दुपारी कळलं. तोवर मी त्यांना फाईल म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते सगळं मन लावून ऐकूनही घेतलं, हा त्यांचा खवचटपणा!

त्यांची पहिली शिकवण मिळाली ती नांदेडला. तिथल्या एका लॅबमधून तक्रार आली, की जुने डॉक्टर सोडून गेले, नव्या डॉक्टरबाई आल्या, तरी रिपोर्टच्या खाली जुन्या डॉक्टरांचंच नाव छापून येतंय. नव्या बाई तापलेल्या. मी म्हटलं, हात् तिच्या, एवढंच ना! गेले आणि नाव बदललं. छापलं, तर जुनंच. पुन्हा बदललं. पुन्हा जुनंच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पॅकेज काढून नव्यानं टाकलं, शेवटी प्रिंटरला दोन थपडाही दिल्या. जुने डॉक्टर काही हटेनात. बाई माझ्याकडं अशा बघत होत्या, की मीच त्या डॉक्टरांची वशिल्याची भाची असावी.

दुसऱ्या दिवशी काका एसटीनं आले. आल्यावर कॉम्प्युटरकडं बघितलंसुद्धा नाही. ही त्यांची खोडच होती. पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. पिशवीतून स्वतःचा ग्लास काढला, चहा घेतला आणि काउंटरवरच्या मावशींना विचारलं, "ह्या कॉम्प्युटरला शेवटचा हात कुणी लावला होता?"

मावशी म्हणाल्या, "जुन्या डॉक्टरांनीच की. त्यांचं नाव बारीक यायलंय म्हणून त्यांनीच बसून ठळक केलं होतं."

"झालं," काका म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "म्याडम, लग्नाला गेलाव का कधी?"

मी चिडलेलीच. "लग्नाचा इथं काय संबंध?"

"ऐका तर. पंचांगात मुहूर्त बारा छत्तीसचा. पत्रिकेत छापला बारा पस्तीस. मांडवात मामा वरडायलाय, साडेबाराला उरका म्हणून. आता सांगा, अक्षता कधी पडत्यात?"

"बारा पस्तीसला."

"मंग तुमी लग्न बघितलंच न्हाई! नवरदेव घोड्यावरून उतरंल तवा पडत्यात. अन् घोडा कधी पोचतो? घोडेवाला आणंल तवा. पंचांग लई मोठं, मामाबी मोठा, पण चालतं कुणाचं? घोडेवाल्याचं!"

आमच्या पॅकेजचं तसंच होतं. सेटिंगच्या चार फाईली. पहिली कंपनीची, सगळ्यांना लागू. दुसरी जिल्ह्याची. तिसरी त्या लॅबची. आणि चौथी त्या एका कॉम्प्युटरची. पॅकेज वरून खाली वाचत येतं आणि दोघींचं पटलं नाही, तर जी शेवटी वाचली तिचं खरं धरतं. मी नाव बदललं होतं तिसऱ्या, लॅबच्या फाईलीत. चौथीत जुने डॉक्टर ठळक होऊन बसले होते. काकांनी ती उघडली, आणि मला वाटलं आता ती ओळ पुसतील. त्यांनी पुसली नाही. ओळीच्या आधी # असं चिन्ह टाकलं. ते टाकलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून पुढं जातो, ती नुसती माणसांना वाचायला उरते. काकांना ते चिन्ह सुतळीनं विणलेल्या बाजेसारखं दिसायचं. त्यामुळं ते म्हणायचे, ओळ बाजंवर निजवली.

निजवलेल्या ओळीपुढं त्यांनी दोन बोटांनी टकटक करत शेरा लिहिला: "जुने डॉक्टर सोडून गेले. मानानं उतरवलं आहे. – बिराजदार."

"पुसून टाका ना सरळ!" मी म्हटलं.

"ओळ पुसायची न्हाई, माय," ते म्हणाले. आवाजातली मस्करी एकदम गेली होती. का, ते मात्र बोलले नाहीत.

ते कळलं परत येताना. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि खाली बघत मुखेडची गोष्ट सांगितली. मी नोकरीला लागायच्या पाच-सहा वर्षं आधीची.

मुखेडच्या एका लॅबमध्ये तीन कॉम्प्युटर होते. लहान लेकरांचे रिपोर्ट निघायचे ते दारातल्या एकाच कॉम्प्युटरवरून. वाढत्या वयात लेकरांच्या रक्तातले काही आकडे मोठ्यांपेक्षा जास्तच असतात. मोठ्यांच्या मापानं मोजलं तर धडधाकट लेकरूही आजारी दिसतं. म्हणून 'मुलांची मर्यादा वेगळी' असं एक सेटिंग होतं. जिल्ह्याच्या फाईलीत ते चालू होतं. लॅबच्या फाईलीत बंद, कारण आतल्या दोन कॉम्प्युटरवर मोठ्यांचेच रिपोर्ट निघायचे. आणि दारातल्या कॉम्प्युटरच्या चौथ्या फाईलीत पुन्हा चालू.

एकदा काका फाईली आवरायला बसले. दुसरीतही चालू, चौथीतही चालू. एकच गोष्ट दोनदा कशाला, म्हणून त्यांनी चौथीतली ओळ पुसली. मधल्या तिसरीत 'बंद' आहे हे बघायचं राहिलं. घोडेवाला निघून गेला आणि मामाचं चालू लागलं.

चार दिवस लेकरांचे रिपोर्ट मोठ्यांच्या मापानं छापून गेले. एका शिंप्याच्या नऊ वर्षांच्या पोरीच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'जास्त' आलं. आई-बाप घाबरून तिला घेऊन नांदेडला गेले. तिथं एका दवाखान्यात रक्त काढलं, मग दुसऱ्यात काढलं. तिसऱ्या डॉक्टरांनी पोरीला नीट बघितलं आणि म्हणाले, हिला काहीच झालेलं नाही, घरी घेऊन जा.

चूक सापडल्यावर काकांनी चार दिवसांतल्या सगळ्या लेकरांची यादी काढली आणि घरोघरी जाऊन नवे रिपोर्ट हातात दिले. कुणी शिव्या घातल्या. शिंप्यानं तर चहा पाजला. पण पोरगी दाराला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "मंग मला सुया उगंच टोचल्या का?"

"काय सांगणार म्याडम?" काका म्हणाले. "हाव म्हणलो."

त्या दिवसापासून त्यांनी एक ओळ पुसली नाही, आणि कारण लिहिल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. एकच धास्ती होती त्यांना. आपल्यामागं कुणीतरी हुशार येईल, कारण न वाचता ओळ उडवील, आणि कुठल्या तरी लेकराला पुन्हा उगंच सुई टोचली जाईल. मला ते ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी तेवीस वर्षांची होते. लातूर येईपर्यंत विसरूनही गेले.

कारणं लिहायचा नाद मात्र त्यांनी पार कळसाला नेला होता. फाईल उघडली की काका बोलायला लागायचे. "नवीन बाईंना हिरवा रंग आवडतो. वाचता येत नाही, पण त्यांची लॅब." "ही ओळ कशासाठी ते मलाच आठवेना. तरी असू दे." "म्याडमनं रागात लिहिली आहे. उद्या बदलतील." ही शेवटची म्याडम मीच! आणि दुसऱ्या दिवशी मी ती बदललीसुद्धा, ह्याचाच मला जास्त राग आला.

हदगावची कथा तर ऐकाच. तिथं सकाळी एक टेक्निशियन, संध्याकाळी दुसरा. कशावरून तरी बिनसलेलं, दोघांत अबोला. सकाळच्याचं वय झालेलं, त्याला रिपोर्टवर मोठी अक्षरं हवीत. संध्याकाळच्याला रिपोर्ट एका पानात बसायला हवा, म्हणजे बारीक अक्षरं. सकाळच्यानं लॅबच्या फाईलीत मोठी केली, की संध्याकाळचा कॉम्प्युटरच्या फाईलीत बारीक करी. मग सकाळचा तिथंच खाली आणखी एक ओळ लिही. असं करत दोन महिन्यांत त्या फाईलीत चाळीस ओळी झाल्या, मोठं, बारीक, मोठं, बारीक. एकाच पेशंटचा सकाळचा रिपोर्ट दोन पानी आणि संध्याकाळचा मुंगीच्या अक्षरात. लॅबचे मालक म्हणाले, तुमच्या पॅकेजमध्ये भूत शिरलंय.

मी गेले असते तर चाळीस ओळी उडवून पासवर्ड लावून आले असते. काकांनी दोघांना एका वेळी बोलावलं, मधे चहा ठेवला आणि ती फाईल मोठ्यानं वाचायला लागले. अगदी कीर्तनकाराच्या थाटात. "अन् सकाळचे म्हणाले, मोठं! अन् संध्याकाळचे म्हणाले, बारीक! अन् पुन्हा सकाळचे म्हणाले..." विसाव्या ओळीला सकाळचा हसला. पंचविसाव्याला संध्याकाळचा. मग काकांनी रिपोर्टभोवतीची फुलापानांची जाडजूड चौकट बाजेवर निजवली, जागा झाली, आणि मोठी अक्षरं एका पानात बसली. शेरा लिहिला: "चौकट दोघांनाही नको होती. विचारलंच नव्हतं कुणी." मालकांनी मात्र चौकटीसाठी आठवडाभर तोंड फुगवलं.

मग आली नवी आवृत्ती. कंपनीच्या साहेबांनी ठरवलं, की चार फाईलींचा घोळ बंद. प्रत्येक कॉम्प्युटरला एकच फाईल, स्वच्छ, आटोपशीर. काम माझ्याकडं, मुदत सोमवारची. मी मनापासून खूश झाले. एक प्रोग्राम लिहिला. खालच्या फाईलीत वरच्यासारखीच ओळ दिसली की खालची उडवायची. बाजेवरच्या ओळी उडवायच्या. शेरे तर सगळेच उडवायचे. काकांच्या निवृत्तीला तेव्हा बारा दिवस राहिले होते.

"सगळे शेरे?" काकांनी विचारलं.

"सगळे. कॉम्प्युटर कुठं वाचतो ते?"

"कॉम्प्युटरसाठी लिहिलेच न्हाईत की ते." मग म्हणाले, "एक कर, माय. उडवायच्या आधी एकदा छापून वाच. तेवढंच."

आणि मी बोलले. काय बोलले ते इथं लिहिताना आजही कानशिलं तापतात. म्हटलं, "काका, तुमच्या आठवणी जपायला कंपनी नाही उघडली कुणी."

काका उठले. ग्लास विसळला, पिशवीत ठेवला, हळूहळू जिना उतरून गेले. मी जीभ चावली, पण मागं धावले नाही. माझा स्वभावच मेला तसला!

रविवारी दुपारी ऑफिसात एकटीच होते. काय काय उडणार त्याची यादी छापली. वाचायची नव्हतीच, नुसती साहेबांना दाखवायची म्हणून. पण जिन्यावरची ती पाठमोरी पिशवी काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी लाजेखातर वाचायला बसले. हदगावच्या चौकटीशी हसले. हिरव्या रंगाशी हसले. मग मुखेड आलं. दारातला कॉम्प्युटर, चौथी फाईल. 'मुलांची मर्यादा वेगळी: चालू.' माझ्या प्रोग्रामचा निकाल: वरच्यासारखीच आहे, उडवा. आणि शेजारी काका:

"ही ओळ वरच्यासारखीच दिसते. मलाही तशीच दिसली होती. काढू नको. मधली फाईल बघ. – बिराजदार."

मी मधली फाईल उघडली. बंद.

मी कॉलेजात पहिली आलेली, काकांना फाईल समजावणारी, त्यांचीच चूक जशीच्या तशी लिहून बसले होते. आणि मी ती प्रोग्रामात लिहिली होती, म्हणजे एका मुखेडला नाही, दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या लॅबांत ती सोमवारी एकदम पोचली असती. मी डोकं टेबलावर टेकलं आणि रडले. सरळ हुंदके देऊन रडले.

सोमवारी काका आले तेव्हा मी जिन्यातच उभी होते. "काका, मुखेडची ओळ. माझा प्रोग्राम ती उडवणार होता."

"दिसली का?" ते म्हणाले.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"बोललीस खरं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पण वाचलीस न्हवं? मीबी उडवलीच होती, अन् मला सांगायलाबी कुणी नव्हतं. चल, चहा सांग."

साहेब तापायचे ते तापलेच. पण यादी समोर ठेवल्यावर त्यांनी तीन आठवडे दिले, आणि काका निवृत्त होऊनही ते सगळे दिवस येत राहिले. आम्ही एकेक शेरा वाचला. नवी फाईल एकच झाली, पण त्यात प्रत्येक सेटिंगपुढं दोन रकाने आले, 'कारण' आणि 'सांगणारे'. ते भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही आणि भरलेलं पुसता येत नाही. हदगावकर, ती तुमची कटकट ती हीच!

नवी आवृत्ती सगळीकडं बसल्यावर तिचा एक छापील नमुना घेऊन मी शिरूर अनंतपाळला गेले. काकूंनी दारातच गाऱ्हाणं सुरू केलं. "बग माय, काय करून ठेवलंय ह्यांनी सैपाकघरात!" फळीवरच्या एकेका डब्याला चिठ्ठी चिकटवलेली. "मीठ. जुनी बरणी फुटली म्हणून ह्या डब्यात. – बि." "साखर. मुंग्यांमुळं वर ठेवली. – बि." मी विचारलं, "आणि ह्या डब्यावर चिठ्ठी नाही ती?" काकू म्हणाल्या, "त्यो माझा डबा हाय. त्याला हात लावून बगू दे की!"

काका अंगणात बाजेवर बसले होते, खऱ्याखुऱ्या. चष्मा चढवून ते कागद वाचू लागले, प्रत्येक ओळीखाली बोट धरून. मुखेडच्या ओळीशी बोट थांबलं. मी लिहिलं होतं: "कारण: लेकराला सुई उगंच टोचू नये म्हणून. सांगणारे: बिराजदार."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "हे सांगणारा मी न्हाई. ते लेकरू."

"पेशंटचं नाव घालता येत नाही, काका."

"हाव, तेबी बराबर." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. स्वतःच्या नावाआधी जाळी काढली, चार रेघांची, सावकाश. नाव बाजेवर निजवलं आणि पुढं लिहिलं, "सांगणारं: एक लेकरू." मी ते वहीत उतरवून घेतलं. पॅकेजमध्ये आज ते तसंच आहे.

मला सोडायला ते उन्हाचे स्टँडपर्यंत आले. तो छापील नमुना त्यांनी मागून घेतला होता, घडी करून पिशवीत टाकला होता. गाडी लागली, मी खिडकीशी बसले. काका शेडच्या सावलीत उभे. गाडी मागं घेताना कंडक्टर घंटी मारत होता, मी जोरजोरात हात हलवत होते, "काका, येते हं!" म्हणून ओरडलेसुद्धा. त्यांनी वर बघितलंच नाही. कागद उघडून धरला होता, चष्मा नाकावर आला होता, आणि बोट पार तळाच्या ओळीवर होतं. घोडेवाल्यापासून सुरू करून ते एकेक ओळ वर येत होते.